हातात १० हजारांचं कर्ज आणि यंत्रांची भलीमोठी यादी : दादासाहेब फाळकेंनी सिनेमाचं सामान कसं निवडलं?

१९१२ चा फेब्रुवारी महिना. लंडनमध्ये कडाक्याची थंडी. ४१ वर्षांचा एक मराठी माणूस तिथल्या रस्त्यांवरून फिरतोय. शहरात ओळखीचं कुणी नाही. खिशातले पैसे विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून उचललेले. मुंबईत घरी बायको आणि लहान मुलं. आणि जी वस्तू घ्यायला तो सातासमुद्रापार आलाय, ती त्याने स्वतः कधी चालवलेली नाही.

हा माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. आपल्या सगळ्यांचे दादासाहेब फाळके.

त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो, हे शाळेच्या पुस्तकापासून ते एमपीएससीच्या पेपरपर्यंत सगळीकडे भेटतं. पण या गोष्टीची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. ती म्हणजे खरेदीची.

पैसे मोजके, बाजारात यंत्रं ढीगभर, आणि चुकीचं यंत्र घेतलं तर परत करायची सोय नाही. आज घरातल्या होम थिएटरचा रिसीव्हर बदलायचा म्हटलं की जी डोकेदुखी होते, तीच फाळकेंच्या वाट्याला आली होती. फरक एवढाच की त्यांचा डाव फसला असता, तर सगळा संसार उघड्यावर आला असता.

त्यांनी पैसे कुठे टाकले, कुठे वाचवले आणि एवढं करूनही शेवटी त्यांचं गणित कुठे चुकलं, ते बघू.

यंत्रांचा नाद जुनाच

फाळकेंचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. पुढे वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईत आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, फोटोग्राफी, छपाईचे ब्लॉक बनवणं असं जे दिसेल ते शिकत गेले.

शिक्षण झालं, पण घडी बसेना. गुजरातमधल्या गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल गेलं. तो व्यवसाय सोडावा लागला. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. या दुसऱ्या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यांचं नाव लक्षात ठेवा, कारण या गोष्टीत त्या मधेमधे येणार नाहीत, शेवटपर्यंत असणार आहेत.

मधल्या काळात फाळकेंनी पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी केली. जादूचे प्रयोग केले. नोकरी सोडून भागीदारीत छापखाना काढला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं बघायला थेट जर्मनीला जाऊन आले. म्हणजे परदेशात जाऊन यंत्र पारखायचं, हे त्यांच्यासाठी नवं नव्हतं.

पण छापखान्यात भागीदारांशी बिनसलं आणि फाळके बाहेर पडले. चाळिशी आलेली, हातात काम नाही, डोक्यावर संसार. नेमक्या याच टप्प्यावर त्यांना सिनेमा भेटला.

घरातल्या भिंतीवरचा सिनेमा

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबूतल्या थिएटरात फाळकेंनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि त्यांच्या डोक्यात राम आणि कृष्ण फिरत होते. आपल्या देवांच्या गोष्टी पडद्यावर का दिसू नयेत, हा प्रश्न त्यांना गप्प बसू देईना. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले.

आता असा झटका आलेला माणूस काय करेल? कर्ज काढेल, मोठं यंत्र मागवेल आणि मग बसेल डोकं खाजवत. फाळकेंनी तसं केलं नाही.

त्यांनी आधी स्वस्तातलं, खेळण्यातलं वाटावं असं सिनेमाचं यंत्र आणि फिल्मचे काही तुकडे मिळवले. मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडायचा आणि घरातल्या भिंतीवर चित्रं हलवायची. शब्दशः होम सिनेमा. सोबत मुंबईत जे सिनेमे लागतील ते बघायचे. गोष्टीपेक्षा त्यांचं लक्ष चित्र कसं हलतंय याकडे जास्त. फिल्म किती वेगाने सरकते, उजेड किती लागतो, चित्र कुठे थरथरतं, याचा अभ्यास महिनोन्‌महिने चालला.

या अभ्यासाची किंमत त्यांनी डोळ्यांनी मोजली. दिवसरात्र पडद्याकडे बघणं आणि जेमतेम झोप, यामुळे दृष्टी गेली. काही काळ अजिबात दिसेना. पुढे डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि वेगवेगळ्या चष्म्यांच्या मदतीने ती परत आली.

दिसायला लागल्यावर फाळके पुन्हा तिथेच, भिंतीसमोर.

पण या महिन्यांत एक गोष्ट झाली. आपल्याला नेमकं काय घ्यायचंय, हे त्यांना कळलं. फिल्म दाखवणारं यंत्र मुंबईत होतं. थिएटरं होती, प्रेक्षक होते. नव्हतं ते फिल्म बनवायचं सामान. चित्रण करणारा कॅमेरा, कच्ची फिल्म, फिल्मच्या कडेला छिद्रं पाडणारं यंत्र, फिल्म धुण्याची आणि छापण्याची सोय. यादी तयार झाली. आता प्रश्न पैशांचा.

पॉलिसी गहाण

नोकरी नसलेल्या, डोळ्यांचं दुखणं काढलेल्या माणसाला कर्ज कोण देणार? ते पण सिनेमासाठी?

फाळकेंकडे विम्याच्या १२ हजारांच्या पॉलिसी होत्या. त्या गहाण ठेवून १० हजारांचं कर्ज उभं राहिलं. या कामात यशवंतराव नाडकर्णी हे स्नेही पाठीशी होते.

विमा कशासाठी असतो? आपलं बरंवाईट झालं तर मागच्यांचं भागावं म्हणून. तोच गहाण पडला होता. म्हणजे जुगार फाळकेंचा होता, पण पणाला लागली होती ती सरस्वतीबाई आणि मुलांची उद्याची भाकरी. १ फेब्रुवारी १९१२ ला बोट निघाली.

लंडनमधले दोन आठवडे

लंडनमध्ये फाळकेंचा एकच आधार होता. 'बायोस्कोप' नावाचं सिनेमाविषयीचं साप्ताहिक. ते मुंबईत असताना हे साप्ताहिक वाचायचे. पिकॅडिलीत त्याची पाटी दिसली आणि ते सरळ आत शिरले. संपादक होते काबोर्न नावाचे गृहस्थ.

काबोर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात पडू नका असंच सुचवलं. इंग्लंडमध्येच निर्माते तोट्यात आहेत, त्यात हिंदुस्थानची हवा या कामाला मानवेल का, अशा शंका त्यांनी काढल्या. पण समोरचा माणूस हलेना. त्याला यंत्रांचं बरंच काही माहीत होतं, आणि जे माहीत नव्हतं तेही त्याला नेमकं ठाऊक होतं.

शेवटी काबोर्न यांनीच फाळकेंची गाठ सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. हेपवर्थ म्हणजे वॉल्टनच्या स्टुडिओचे मालक आणि त्या काळातले इंग्लंडमधले बडे चित्रपट निर्माते. त्यांनी फाळकेंना आपला स्टुडिओ दाखवला. चित्रण कसं होतं, फिल्म कशी धुतात, ट्रिक सीन कसे करतात, हे फाळकेंनी तिथे स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेतलं.

फाळके लंडनमध्ये राहिले साधारण दोन आठवडे. त्यांनी आधी माहीतगार गाठले, यंत्र चालताना पाहिलं, आणि मग खरेदी केली. विकणाऱ्याच्या तोंडून ऐकून त्यांनी काही घेतलं नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे.

५० पौंडांचा हिशोब

फाळकेंनी घेतला विल्यमसन कंपनीचा कॅमेरा. किंमत ५० पौंड. सोबत कोडॅकची कच्ची फिल्म आणि छिद्रं पाडायचं यंत्र यांची मागणी नोंदवली.

आता हा आकडा नीट बघा. त्या वेळी एका पौंडाला १५ रुपये हा दर होता. म्हणजे कॅमेरा पडला साधारण ७५० रुपयांना. कर्ज होतं १० हजारांचं. ज्या कॅमेऱ्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याची किंमत कर्जाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होती.

असं का? कारण फाळकेंनी कॅमेऱ्याच्या पलीकडचा खर्च धरला होता. बोटीचं भाडं, कच्ची फिल्म, रसायनं, जागा, कपडे, पडदे, माणसांचे पगार. कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो. फिल्म प्रत्येक दृश्याला लागते, ती खराब होते, वाया जाते, पुन्हा घ्यावी लागते. सगळे पैसे कॅमेऱ्यात घातले असते तर त्यात टाकायला फिल्म उरली नसती.

कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालणारा होता. ना मोटर, ना वीज. पण हीच त्याची सोय होती. माळरानावर न्या, डोंगरावर न्या, उन्हात उभा करा आणि हँडल फिरवा. बिघडला तर उघडून बघता येईल इतका साधा. जो माणूस दुरुस्तीसाठी लंडनला पाठवू शकत नाही, त्याला हेच यंत्र परवडतं.

१ एप्रिल १९१२ ला फाळके मुंबईत परतले. सामान मागून बोटीने आलं. सोबत आलेल्या आकृत्या बघून त्यांनी ते स्वतः जोडलं.

वाटाण्याचं रोप

कॅमेरा आला, आता लगेच सिनेमा? नाही. कारण सिनेमाला लागणारे पैसे अजून यायचे होते आणि कुणी सावकार नुसत्या कॅमेऱ्याकडे बघून पैसे देणार नव्हता.

मग फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला. रोज ठरलेल्या वेळी थोडी थोडी फिल्म फिरवत महिनाभराहून जास्त काळ ते त्या कुंडीचं चित्रण करत राहिले. फिल्म धुऊन भिंतीवर सोडली तेव्हा बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अवघ्या मिनिटभरात अंकुर फुटला, रोप वर आलं, पसरलं. 'अंकुराची वाढ' हीच ती छोटी फिल्म.

खर्च किती? एक वाटाणा, एक कुंडी आणि थोडीशी फिल्म.

फायदा किती? कॅमेरा नीट चालतो हे कळलं. मुंबईच्या उजेडात किती वेळ फिल्म उघडी ठेवायची याचा अंदाज आला. फिल्म धुताना काय चुकतं ते समजलं. आणि नाडकर्णींसारख्या लोकांनी ती पाहिल्यावर पुढच्या पैशांची वाट मोकळी झाली. तरीही पैसे कमीच पडत होते. पुढे गरज पडली तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिनेही दिले.

साडेचार लाखांहून जास्त छिद्रं

दादरच्या बंगल्यात कारखाना उभा राहिला. आणि तो अक्षरशः घरात होता.

त्या वेळी कच्ची फिल्म छिद्रांशिवाय यायची. कडेला छिद्रं असल्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकणार नाही. हे काम करायचं कुठे? पूर्ण अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. कधी? रात्री, घरातली कामं आवरल्यावर. कुणी? सरस्वतीबाईंनी.

जरा हिशोब करू. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. प्रत्येक चित्राला एका बाजूला ४ छिद्रं, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून ८. एका फुटाला १२८ छिद्रं. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी होती साधारण ३,७०० फूट. गुणाकार केला की आकडा येतो ४ लाख ७३ हजार ६००. आणि ही झाली फक्त शेवटी पडद्यावर आलेली लांबी. वाया गेलेली फिल्म वेगळी. यंत्र हाताशी असलं तरी अंधारात चाचपडत, रांग न चुकवता हे काम करणारी बाई किती पक्की असेल!

एवढ्यावर भागत नव्हतं. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे. रसायनं कालवायची, फिल्म धुवायला मदत करायची. स्टुडिओचे दिवे परवडणारे नव्हते, म्हणून चित्रण सूर्याच्या उजेडात व्हायचं. नटाच्या चेहऱ्यावर उजेड पाडायला पांढरी चादर धरून उन्हात उभं राहायचं, तेही सरस्वतीबाईंनीच.

म्हणजे फाळकेंनी दिव्यांचे पैसे वाचवले ते उन्हाच्या जोरावर, आणि कामगारांचे पैसे वाचवले ते घरच्यांच्या जोरावर. मोठा मुलगा भालचंद्र रोहिदासाच्या भूमिकेत उभा राहिला. कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग होते. त्यांनाही फाळकेंनीच शिकवून तयार केलं होतं.

तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. त्या काळी सिनेमात काम करणं म्हणजे बदनामी. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हॉटेलात महिना १० रुपये मिळायचे, फाळकेंनी १५ दिले. मंडळींना बाहेर सांगायला लावलं होतं की आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. परेश मोकाशींच्या २००९ च्या चित्रपटाचं नाव आलं ते यावरूनच.

काम चाललं सहा महिने आणि २७ दिवस. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. लोकांनी उचलून धरला. कर्जाच्या कॅमेऱ्याने पैसे परत आणायला सुरुवात केली.

पहिलं अपग्रेड आणि महायुद्ध

यशानंतर फाळके नाशिकला गेले. १९१३ मध्ये 'मोहिनी भस्मासूर' आला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघी पडद्यावर आल्या. पुढच्या वर्षी 'सत्यवान सावित्री'.

तीन सिनेमे हाताशी आल्यावर १९१४ मध्ये फाळके पुन्हा लंडनला गेले. या वेळी आपले सिनेमे दाखवायला आणि सुधारित यंत्रसामग्री बघायला. तिथल्या जाणकारांनी सिनेमे नावाजले. तिकडेच राहून काम करा असंही सुचवण्यात आलं. फाळकेंनी नाही म्हटलं आणि ते परत आले.

दोन्ही खेपांमधला फरक बघा. पहिल्या खेपेला यंत्रच नव्हतं, म्हणून कर्ज काढून घेतलं. दुसऱ्या खेपेला जुन्या यंत्राने तीन सिनेमे काढून झाल्यावर ते नवीन शोधायला गेले. जुनं कुठे अडतंय हे आता त्यांना वापरून कळलं होतं.

पण त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. भांडवलवाल्यांनी हात आखडते घेतले. हातात कसब होतं, यंत्रं होती, पैसा नव्हता. तीन वर्षं ओढाताणीत गेली. १९१७ चा 'लंका दहन' धो धो चालला आणि त्यातून ते बाहेर पडले. यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच होते.

१९१८ मध्ये भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी सुरू झाली. 'श्रीकृष्ण जन्म', 'कालिया मर्दन' असे सिनेमे आले. 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळकेंची मुलगी मंदाकिनी. पण पैशांवरून भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं, आणि काही काळाने पुन्हा कंपनीत परतले.

आवाज आला आणि सगळं सामान जुनं झालं

१४ मार्च १९३१. मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला. भारताचा पहिला बोलपट.

एका दिवसात कॅमेरे बिघडले नव्हते. विल्यमसनचं हँडल अजूनही फिरत होतं. फिल्म तशीच होती, छिद्रंही तीच. पण प्रेक्षक बदलला. पडद्यावरचं माणूस बोलतं हे एकदा ऐकल्यावर मुक्या सिनेमाला तिकीट कोण काढणार?

बोलपटाला आवाज नोंदवायचं यंत्र हवं. बाहेरचा गोंगाट आत न येणारा स्टुडिओ हवा. ऊन खाऊन चित्रण करणं अवघड, कारण उघड्यावर कावळाही ओरडतो आणि टांगाही जातो. थिएटरमध्ये स्पीकर हवेत. म्हणजे एक यंत्र बदलून भागणार नव्हतं. अख्खी साखळी बदलावी लागणार होती.

फाळकेंचा 'सेतुबंधन' नेमका या दोन काळांच्या मधे सापडला. चित्रण झालं मूकपट म्हणून. मधेच पैसे संपले. तोवर बोलपट आले. मग त्यावर नंतर आवाज चढवण्यात आला. म्हणजे जुन्या यंत्रावर बनलेला माल नव्या यंत्राला चालवून घ्यायचा. खर्च झाला, पण काळ पुढे गेला होता.

आणि योगायोग बघा. ६ फेब्रुवारी १९३२ ला पहिला मराठी बोलपट आला, तो प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा'. दिग्दर्शक व्ही. शांताराम. गोष्ट कुणाची? राजा हरिश्चंद्राची. फाळकेंनी जी गोष्ट १९१३ मध्ये मुक्याने सांगितली, तीच १९ वर्षांनी बोलून दाखवली गेली, दुसऱ्या हातांनी.

फाळकेंनी पूर्ण बोलपट काढला तो एकच. कोल्हापूर सिनेटोनचा 'गंगावतरण', १९३७ साली. वय ६७. त्यानंतर ते नाशिकलाच राहिले. १६ फेब्रुवारी १९४४ ला तिथेच त्यांचं निधन झालं. ज्याने घर गहाण पडेल इतका जुगार खेळून धंदा उभा केला, त्याच्या शेवटच्या दिवसांत त्या धंद्यातला पैसा त्याच्या वाट्याला फारसा आला नाही. १९६९ पासून सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देतं, जो आज भारतीय सिनेमातला सर्वोच्च मानला जातो.

आता याचा रिसीव्हरशी काय संबंध?

समजा, तुम्ही कळंबला राहताय. घरात दहा-बारा वर्षांपूर्वीचा ५.१ चा रिसीव्हर आणि स्पीकर आहेत. नवा ४के टीव्ही आला आणि जुन्या रिसीव्हरमधून ते चित्र पुढे जाईना. गावात वेगवेगळे रिसीव्हर लावून ऐकायची सोय नाही, त्यामुळे ऑनलाइन बघून मागवायचं. बजेट मोजकं. फाळकेंच्या पद्धतीने हिशोब केला तर काय निघतं?

पहिलं, काय नाहीये ते शोधा. चित्र पुढे जात नाही म्हणून रिसीव्हर बदलायलाच हवा असं नाही. सेट टॉप बॉक्स किंवा स्टिक थेट टीव्हीला जोडा. चित्र टीव्ही दाखवेल. आवाज तेवढा टीव्हीतून एआरसी किंवा ऑप्टिकल केबलने रिसीव्हरला द्या आणि टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डॉल्बी डिजिटल निवडा. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं, खर्च एका केबलचा. फाळकेंकडे फिल्म दाखवायची सोय होती, म्हणून त्यांनी त्यावर कर्जाचा पैसा घातला नाही. तसंच हे.

दुसरं, सगळे पैसे एका डब्यात घालू नका. फाळकेंचा कॅमेरा कर्जाच्या दहाव्या हिश्श्यात बसला होता. आवाज शेवटी स्पीकरमधून येतो. रिसीव्हर भारी आणि स्पीकर फुसके, तर पैसे पाण्यात.

तिसरं, मोठ्या आकड्याला भुलू नका. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. दहा बाय बाराच्या खोलीत ८० आणि १०० वॅटमधला फरक शोधूनही सापडणार नाही. चॅनेलचंही तेच. ५.१ चे स्पीकर लावायचे असतील तर पाच चॅनेलचा रिसीव्हर पुरतो. डोक्यावरून येणारा अ‍ॅटमॉसचा आवाज हवा असेल, तर ५.१.२ साठी सात चॅनेलचा घ्या. त्याच्या वरचे चॅनेल नुसते रिकामे राहतील. स्पीकरच्या मागे लिहिलेले ओहम रिसीव्हरला चालतात का, तेवढं मात्र नक्की तपासा.

चौथं, कुठला भाग लवकर जुना होणार ते ओळखा. चांगला स्पीकर नीट वापरला तर वीस वर्षं वाजतो. रिसीव्हरमधले एचडीएमआय आणि आवाजाचे प्रकार मात्र काही वर्षांनी बदलतात. फाळकेंचा कॅमेरा धडधाकट असताना बाद झाला तो आवाजामुळे. म्हणून जास्त पैसे टिकणाऱ्या वस्तूत घाला आणि बदलणाऱ्या वस्तूत गरजेपुरते. नवा रिसीव्हर घ्यायचाच असेल तर त्यात ई-एआरसी आहे ना, ते बघा. पुढे टीव्हीला नवीन काहीही जोडलं तरी आवाज एकाच केबलने रिसीव्हरपर्यंत येत राहील.

आणि पाचवं म्हणजे वाटाण्याचं रोप. ऑर्डर टाकण्याआधी घरात आहे तेच सामान एकदा नीट मांडून बघा. पुढचे दोन स्पीकर कानाच्या उंचीवर आणा, सबवूफर कोपऱ्यातून थोडा हलवा, खिडकीला जाड पडदा लावा आणि ओळखीच्या सिनेमातलं एकच दृश्य चार वेळा ऐका. यात खर्च काही नाही, एक रविवार जाईल. त्यानंतरही जे अडेल, तेवढंच तुमच्या खरेदीच्या यादीत लिहा.